फायलीच्या कोपऱ्यातला 'ने'

३ फेब्रुवारी, सोमवार

ति. मोठे डॉक्टर यांस,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण कंबर धरलीय. उभ्यानंच घे.

तुझ्या हॉस्पिटलाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती मी पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाला बळी न पडता नोंदवते आहे. नोंदणीच्या खिडकीवर जे पेन बांधलंय, त्याची दोरी चार बोटं तोकडी आहे. फॉर्म काचेच्या अलीकडे, पेनाचा खिळा पलीकडे. सही करायची तर माणसानं उजवा खांदा खिडकीत घालायचा, डावा पाय उचलायचा आणि मान अशी वळवायची, की बघणाऱ्याला वाटावं हा आतल्या बाईंच्या प्रेमात पडलाय. तापानं फणफणलेले, पाय मोडलेले, दिवस भरलेल्या बायका, सगळे याच थाटात सही करतात. का, तर पेन चोरीला जाऊ नये. तुझ्या विभागात माणूस गेला तरी चालतो, पेन जाता कामा नये.

तर ते पेन माझ्याकडे आहे.

ऑक्टोबरात धाकट्याच्या ऑपरेशनच्या संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला, तेव्हा दोरी पुरेना. मी हिसडा मारला. सही केली आणि पेन मुठीत तसंच धरून थिएटरबाहेर जाऊन बसले. आज चार महिने ते माझ्या टेबलावर आहे आणि हे पत्र त्यानंच लिहितेय. शाई तुझी, मजकूर माझा.

चार महिन्यांत आपण एक शब्द बोललो नाही, त्यामुळे विषय मिटला असं तुला वाटत असेल. म्हणून उजळणी घेते. पाढेसुद्धा तू दर सुट्टीत विसरायचास.

सात ऑक्टोबर. धाकटा, म्हणजे आपला दोघांचा सख्खा भाऊ, धंद्यानं पंप दुरुस्त करणारा. दारू सोडून त्याचा त्या दिवशी चारशे सव्विसावा दिवस. सकाळी अकराला पोट धरून एकटाच तुझ्या विभागात आला. खिडकीतून जुनी फाइल निघाली. ड्युटीवरच्या डॉक्टरनं फाइल बघितली आणि माणूस बघायचं काम तिथेच संपवलं. बाकावर बसवलं. एक वाजता तू समोरून गेलास. तो म्हणाला, "दादा, पोटात फार दुखतंय. मी प्यायलेलो नाही." तू चालता चालताच सिस्टरला म्हणालास, "बसू दे. उतरली की आपोआप जाईल."

पाच वाजता मेट्रन फेरीवर आल्या. सहा तासांत त्याच्या पोटाला हात लावणारं ते पहिलं माणूस. पोट फळीसारखं घट्ट. आत आतडं फुटलेलं.

वाचला. पोटावर पिशवी घेऊन घरी आला. आता ती पिशवी काढून आतडं परत जोडायचंय, आणि सर्जन म्हणतात मार्चच्या मध्यापर्यंत करून टाका, लांबवाल तितकं अवघड. धाकटा येत नाही. म्हणतो, "कापून घ्यायला तयार आहे मी ताई, त्या खिडकीत उभं राहायला नाही." दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ म्हटलं तर म्हणतो, "ते फाइल मागवतातच की. माझ्याआधी फाइल पोचते."

ती फाइल मला मेट्रनबाईंनी दाखवली. वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं एकच अक्षर आणि टिंब: 'ने.' मला आधी वाटलं हुकूम आहे, की याला ने इथून. बाई म्हणाल्या, "नाही हो. नेहमीचा. दारूचे, गोळ्यांचे जे पुन्हा पुन्हा येतात ना, त्यांच्या फायलींवर घालतात. पूर्वीपासून आहे."

पूर्वीपासून! त्या खिडकीशी धाकट्याला धरून मीही वर्षानुवर्षं उभी राहिलेय. तिथले सगळे मला ओळखायचे, मी आले की हसायला तयार असायचे. तुमच्यातल्या कुणाच्या डोक्यातून हे लाल अक्षर निघालं ते मात्र मला शोधून काढायचंय.

संधी आलीच आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या, पडलेल्या, पडू बघणाऱ्या पेशंटशी डॉक्टरांनी बोलावं कसं, याची कार्यशाळा एक मार्चला तुमच्याकडे होतेय. मेट्रनबाई माझा शनिवारचा विनोदी स्तंभ वाचतात. त्यांनी मला सरावाचे प्रसंग लिहायला सांगितलेत. विभागप्रमुखांना हजेरी सक्तीची आहे. तू पहिल्या रांगेत.

मी सूड घेणार आहे. हे आधी कळवते, कारण आईनं आपल्याला सांगून भांडायला शिकवलं होतं.

तुझी,
धाकट्याची बहीण


११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तुझं उत्तर पोचलं. औषधं लिहायच्या कागदावर तीन ओळी: "पत्र मिळालं. कार्यशाळेत भावनिक होऊ नकोस. झोप नीट घे." किती दिवस घेऊ? जेवणाआधी की नंतर?

माझे धडे तयार होत आहेत. पहिला धडा असा, की "शेवटचं कधी घेतलंत?" हा प्रश्न "शेवटचं जेवलात कधी?" याच आवाजात विचारायचा. तुझे डॉक्टर तो असा विचारतात, की घरातलं चांदीचं भांडं सापडत नाहीये आणि संशय पाहुण्यावर आहे. दुसरा धडा, सोडलेल्या माणसाला "खरंच सोडलीत?" असं विचारायचं नाही. "कितवा दिवस?" असं विचारायचं. आकडा त्याला पाठ असतो. माझ्या लग्नाची तारीख आमच्या ह्यांना सांगता येत नाही, पण धाकट्याला झोपेतून उठवून विचार.

तिसरा धडा त्यानंच दिला. काल तो आमच्या इमारतीचा पंप उघडून बसला होता, मी शेजारी पाने हातात द्यायला. मध्येच पिशवीतून आवाज आला. त्या पिशवीला त्यानं 'शेजारी' असं नाव ठेवलंय. नको तेव्हा बोलतो, म्हणून.

"शेजाऱ्याला घालवू या की आता," मी म्हटलं.

"घालवू या. पण मग दुखणार. दुखलं की ते जोरकस औषध देणार. मी मागितलं तर म्हणणार, बघा, मागतोय, सवय जात नाही. नाही मागितलं तर दात आवळून पडायचं. ताई, दोन्हीकडून मीच चोर."

"मग काय हवंय तुला?"

"आधी विचारा म्हणावं. काय देताय, किती दिवस देताय, बंद कधी करणार, ते माझ्याशी बसून ठरवा. गोळ्या माझ्या हातात देऊ नका, सिस्टरच्या हातात ठेवा. एवढंच. पंप उघडायच्या आधी मी मालकाला विचारतो, कधीपासून आवाज करतोय. पंपाला मी 'नेहमीचा' म्हणत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं कार्यशाळेत वापरणार आहे. त्याला सांगितलं, तर म्हणतो, "माझ्या पोटाचा प्रयोग लावतेयस, मला निदान पुढची खुर्ची ठेव." मग पाना पुसता पुसता म्हणाला, "दादाला फार झोडू नकोस. त्यानं मला दोनदा स्वतः उचलून आत नेलं होतं. जुनी गोष्ट आहे."

जुनी गोष्ट आहे, दादा. माझ्याकडे नवी आहे.

ताई


१९ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

मेट्रनबाईंनी कपाटं उघडून मोजलं. 'ने.' असलेल्या फायली एकसष्ट. एक शाळेतली बाई आहे, झोपेच्या गोळ्या सुटून तिला तीन वर्षं झाली. दाढेला गळू होऊन आली तर तिला आधी पर्स रिकामी करून दाखवायला लावली. एक ड्रायव्हर आहे. पाय दोन जागी मोडला तरी त्याला दुखण्याचं औषध मिळायला दुपार झाली, कारण कोपऱ्यात ते अक्षर. एका अक्षरात केवढी बचत! डॉक्टरला प्रश्न विचारावे लागत नाहीत, पेशंटला उत्तरं द्यावी लागत नाहीत.

आज खिडकीवाल्या बाईंना भेटले. पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. मला बघून नेहमीसारख्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, त्या 'ने'बद्दल तुमच्याशी जरा बोलायचं होतं. बाजूला येता का?"

मला कळलं. बिचारी मोठ्या डॉक्टरांच्या विरुद्ध बोलायला घाबरतेय. मी म्हटलं, "बाजूला कशाला? कार्यशाळेत बोला. सगळ्यांसमोर बोला. भ्यायचं नाही अजिबात!"

"नक्की?"

"नक्की. मी आहे ना."

सरावाच्या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतील. अगदी निःपक्षपातीपणे. तू कशाचीही काळजी करू नकोस.

ताई


१ मार्च, शनिवार

दादा,

कार्यशाळा झाली. तू होतासच, तेव्हा वेगळं काय लिहू. शेवटी एक किरकोळ तांत्रिक अडचण आली, ती सोडली तर उत्तम झाली. चहा गरम होता.

ताई


४ मार्च, मंगळवार

दादा,

चहा गरम होता की गार, मला आठवत नाही. मी प्यायले नाही.

तू तिथेच होतास तरी हे लिहिते. धाकट्याला अजून सांगायचंय. त्याच्यापुढे बोलण्याआधी ते माझ्या हातातून कागदावर उतरतंय का, ते बघते आहे.

आधी माझा गुन्हा. डब्यात बारा चिठ्ठ्या होत्या आणि बारांवर एकच भूमिका होती: बाकावरचा माणूस. डबा पहिल्यांदा तुझ्याकडे आणला, तू चिठ्ठी काढलीस, मग मी डबा बदलला. बाकावरच्या माणसाला दोनच वाक्यं बोलायची मुभा: "पोटात फार दुखतंय. मी प्यायलेलो नाही." कुणी काहीही विचारो. बसायचं सहा मिनिटं, तासाला एक मिनिट या हिशेबानं. बाकीच्यांनी समोरून जायचं आणि तुझं ते वाक्य म्हणायचं. ते वाक्य कुणाचं, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसेल त्याला मी चहाच्या आधी गाठून सांगितलं होतं.

पहिल्या मिनिटाला तू ती दोन वाक्यं हसत म्हणालास. दुसऱ्या मिनिटाला घड्याळ बघितलंस. चौथ्या मिनिटाला तुझा तो ड्युटीवरचा डॉक्टर समोरून गेला, "उतरली की जाईल" म्हणाला, आणि तू म्हणालास, "मी प्यायलेलो नाही." तो आवाज मी ओळखते. तो धाकट्याचा आवाज आहे, तूच कधीतरी त्याला उसना दिला असशील. तुझ्या कपाळावर घाम. मला जे बरं वाटलं, दादा, त्याची मला अजून लाज वाटत नाही.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला कळस चढवायचा होता. मी फाइल उंच धरली आणि तुझ्याकडे बघत विचारलं, "हे लाल अक्षर पहिल्यांदा कुणी लिहिलं? कुणात हिंमत आहे सांगायची?"

मागच्या रांगेतून हात वर आला. खिडकीवाल्या बाई. चष्मा सावरत म्हणाल्या, "मी लिहिलं. ताईंनी सांगितलं म्हणून."

लोकांना वाटलं, हाही प्रसंग लिहिलेला आहे. दोघं-तिघं हसले.

"नऊ वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "ताई भावाला धरून आल्या. त्या वर्षातली सहावी खेप. मी विचारलं, तक्रार काय लिहू? ताई म्हणाल्या, तक्रार कसली, नेहमीचाच आहे. सगळं कशाला लिहिताय, 'ने' लिहा, शाई वाचेल. आम्ही सगळे इतके हसलो! मी कोपऱ्यात गंमत म्हणून लिहिलं. मग नवे डॉक्टर विचारायला लागले, हे काय? मग दुसऱ्या फायलींवर पण लिहायला लागले. ताई, मी तुम्हाला बाजूला बोलावलं होतं."

मला आठवत नव्हतं, असं मी म्हणू शकते. खरं म्हणजे ऐकता ऐकता मला ते आठवत गेलं. कुठली साडी नेसले होते तेही. विनोद चांगला जमला होता. घरी जाऊन मी तो ह्यांना पुन्हा सांगितला होता.

आणि मग तू उठलास. बाकावरून, माणसासारखा. म्हणालास, "मी तिथेच होतो. मीही हसलो होतो. आणि ते काढून टाकायचा अधिकार नऊ वर्षं फक्त माझ्याकडे होता." बस्स. खाली बसलास.

म्हणजे तुला माहीत होतं. माझी पत्रं वाचताना, ते 'कुणाच्या डोक्यातून निघालं' वाचताना तुला माहीत होतं, आणि तू मला झोप घे म्हणून कळवलंस. एवढा मोठा सूड मी चार महिने जोपासला, आणि भर सभागृहात तू मला उपकाराखाली आणलंस. याची तुला माफी नाही.

उद्या धाकट्याला सांगते.

ताई


१७ मार्च, सोमवार

दादा,

थिएटरबाहेर तू याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलायस आणि मी तुला पत्र लिहितेय. वर बघू नकोस. वाचायला मिळेल घरी गेल्यावर.

धाकट्याला सांगितलं. आधी पिशवीतला शेजारी बोलला. मग तो म्हणाला, "मला आठवतं ते. मीही हसलो होतो. हसावंच लागायचं ताई, नाहीतर तू चिडायचीस आणि मला घरी न्यायची नाहीस."

माझ्या स्तंभाला वीस वर्षांत पुष्कळ शिव्यांची पत्रं आली. अशी एकही आली नाही.

मी म्हटलं, "आता काय करू सांग."

"रेघ मार," तो म्हणाला. "तू मार. मग येतो मी."

म्हणून आज त्याला बाहेर उभा करून मी आधी खिडकीवर गेले. बाईंनी नऊ वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला केसपेपर काढला. वरच्या कोपऱ्यात लाल 'ने.', आणि खाली रकाना: 'माहिती देणाऱ्याशी नाते'. त्यात 'बहीण', आणि माझी तेव्हाची सही, खाली दोन फराटे मारलेली. बाई म्हणाल्या, "खोडून काळं करायचं नाही ताई. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. एक आडवी रेघ, आणि बाजूला सही. नियम आहे." तुझी सही आधीच होती, "ही नोंद चुकीची आहे" असं लिहून. एकसष्ट फायलींवर तू स्वतः बसून लिहिलंस म्हणे. तुझं अक्षर बघता निम्म्या लोकांना ते औषधाचं नाव वाटेल. मी 'ने.'वर रेघ मारली आणि तुझ्या सहीखाली सही केली. या वेळी फराटे नाहीत.

मग तो आत आला. खिडकीत उभा राहिला. तू मागून आलास, आणि मला वाटलं आता हा विचारणार, कसा आहेस, घाबरलायस का, म्हणजे डॉक्टर लोक उत्तर नको असताना जे विचारतात ते. तू विचारलंस, "कितवा दिवस?"

"पाचशे सत्त्याऐंशी."

"दुखण्याच्या औषधाचं तुझ्याशी बोलायचंय. काय द्यायचं, किती दिवस, ते आत्ता ठरवू. गोळ्या सिस्टरकडे राहतील."

"ताईनं पाठ करून घेतलं वाटतं तुझ्याकडून," धाकटा म्हणाला.

"सहा मिनिटांत," तू म्हणालास.

तो हसला. या वेळी कुणाला घाबरून नाही, एवढं मला त्याच्याकडे बघून कळतं. मग त्यानं स्वतःच्या संमतीच्या कागदावर स्वतः सही केली, आणि पिशवीवर हात ठेवून आपल्या दोघांकडे बघून म्हणाला, "चला. ने म्हटलंय ना इतकी वर्षं. न्या आता."

तू त्याची चाकांची खुर्ची ढकललीस. वॉर्डबॉय असताना. मी बघितलं.

आत्ता सर्जन बाहेर येऊन गेले. आतडं जोडलं. मास्क काढता काढता म्हणाले, "सगळं नीट झालंय." तू डोळे पुसलेस आणि मला दिसलंच नाही अशा थाटात घड्याळ बघितलंस.

तरी गैरसमज नको. मी तुला माफ केलेलं नाही. तू बसायला आलास तेव्हा मी पर्स उचलली, ती कंबर दुखतेय म्हणून, तुला जागा द्यायला नाही. तू सहा तास त्याच्याकडे बघितलं नाहीस, ते माझ्या कोपऱ्यात लाल शाईनं आहे, आणि मी त्यावर रेघ मारीन तेव्हा बाजूला सही करीन. घाई करू नकोस.

पत्र पेन्सिलीनं लिहिलंय म्हणून नाक मुरडू नकोस. सकाळी बाई यायच्या आधी, पावणेनऊला, मी ते पेन घेऊन खिडकीवर जाऊन आले होते. खिळा तोच, दोरी नवी, दीड हात लांब. धाकट्यानं सही केली ती त्याच पेनानं, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. कुणाच्या लक्षात आलं नाही.

माहिती देणारी,
बहीण